अवमान न्यायालयाचा की अमानतीचा?

उमराहला निघालेल्या माणसाला निरोप देण्याची आपल्याकडे एक सुंदर रीत आहे. प्रवासाच्या आधीच्या शुक्रवारी, जुमाची नमाज आटोपल्यावर, तो जमातीसमोर उभा राहतो आणि सर्वांची माफी मागतो. कळत-नकळत कोणाचे मन दुखावले असेल, कोणाचा हक्क राहिला असेल, तर माफ करा, असे म्हणतो. लोक गळाभेट घेतात, दुआची विनंती करतात, मदीना शरीफला आपलाही सलाम पोहोचवायला सांगतात.

मागे अशाच एका निरोपाच्या वेळी मी हजर होतो. माफी मागणाऱ्या तरुणाचा काही वर्षांपूर्वी घटस्फोट झाला होता. सहा वर्षांच्या मुलीच्या निर्वाहासाठी दरमहा ठरावीक रक्कम देण्याचा कौटुंबिक न्यायालयाचा आदेश होता, आणि तशी लेखी हमीही त्याने न्यायालयात दिली होती. अकरा महिन्यांची रक्कम थकली होती. मुलीचे आजोबा मागच्या सफमध्ये बसले होते. ते पुढे आले, त्यांनी त्याच्याशी मुसाफहा केला आणि हळू आवाजात म्हणाले, "बेटा, माझे जे काही असेल ते मी माफ केले. पण मुलीचा हक्क मी कसा माफ करू? तो माझा नाहीच."

तरुण क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "अब्बा, ते कोर्टाचे काम आहे. वकील बघतील."

त्याच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. त्याला मनापासून तसे वाटत होते. माफी मागणे हे दीनचे काम आणि पोटगी हे कोर्टाचे काम, अशी त्याच्या मनात दोन खाती होती. ही दोन खाती केवळ त्याच्याच मनात आहेत असे नाही, आपल्यापैकी अनेकांच्या मनात आहेत. कौटुंबिक न्यायालयाचा आदेश मोडणे हा श्रद्धावंताच्या दृष्टीने केवळ कायद्याचा प्रश्न आहे काय, याचा विचार म्हणूनच करायला हवा.

कायदा अवमान कशाला म्हणतो?

'न्यायालयाचा अवमान' म्हटले की न्यायाधीशांना अपशब्द बोलणे किंवा निकालावर चिखलफेक करणे डोळ्यांसमोर येते. न्यायालय अवमान अधिनियम, १९७१ मध्ये अवमानाचे दोन प्रकार सांगितले आहेत. न्यायसंस्थेची बदनामी करणे किंवा तिच्या कामकाजात अडथळा आणणे हा फौजदारी अवमान. न्यायालयाचा निवाडा, हुकूम किंवा आदेश जाणूनबुजून न पाळणे, अथवा न्यायालयाला दिलेली हमी जाणूनबुजून मोडणे हा दिवाणी अवमान. कौटुंबिक वादांत बहुधा हा दुसरा प्रकार घडतो. पोटगी ठरली, पण दिली नाही. मुलाला दर रविवारी वडिलांना भेटू देण्याचे ठरले, पण ऐन वेळी दाराला कुलूप. सुट्टीत नेलेले मूल परत आणलेच नाही. राहते घर विकणार नाही अशी हमी दिली आणि महिनाभरात खरेदीखत झाले.

या अवमानासाठी सहा महिन्यांपर्यंत साधी कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कनिष्ठ न्यायालयाच्या अवमानासाठी शिक्षा करण्याचा अधिकार उच्च न्यायालयाला आहे. अवमान घडल्यापासून एक वर्षाच्या आत कारवाई सुरू व्हावी लागते. माफीने न्यायालयाचे समाधान झाले, तर शिक्षा रद्दही होते. पोटगीच्या वसुलीचा स्वतंत्र मार्गही आहे. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५ होते. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ने घेतली. त्याखाली वसुलीचे वॉरंट निघते, आणि त्यानंतरही रक्कम दिली नाही तर थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. असे मार्ग असताना अवमानाची कारवाई सर्रास करू नये, हे खरे. तरीही ४ नोव्हेंबर २०२० रोजी रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, पोटगीचा आदेश हेतुपुरस्सर डावलणाऱ्याविरुद्ध अवमानाची कारवाईही सुरू करता येते.

या कायद्यातील दोन गोष्टी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. पहिली म्हणजे 'जाणूनबुजून' हा शब्द. ज्याला खरोखरच शक्य नाही, तो अवमान करणारा ठरत नाही. दुसरी अशी की, कैद भोगल्याने थकबाकी फिटत नाही. कैद हा वसुलीचा उपाय आहे, रकमेचा मोबदला नव्हे. न्यायालय स्वतःचा अवमान माफ करू शकते, मात्र त्या मुलीचे देणे तिच्या आजोबांप्रमाणेच न्यायालयालाही माफ करता येत नाही.

"हा निकाल शरीअतचा नव्हे"

येथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो. हे न्यायालय दारुल कजा नाही, हा कायदा शरीअतचा नाही, मग त्याचा आदेश पाळणे दीनच्या दृष्टीने बंधनकारक कसे?

आदेशात काय आहे, हे आधी पाहावे. मुलांचा निर्वाहखर्च बापावर न्यायालयाने लादलेला नाही. सूरह बकराच्या २३३ व्या आयतीत आई आणि मूल यांच्या अन्नवस्त्राची जबाबदारी बापावर रीतीप्रमाणे टाकली आहे. सूरह तलाकच्या ७ व्या आयतीत ऐपत असणाऱ्याने ऐपतीप्रमाणे आणि तंगीत असणाऱ्याने अल्लाहने दिले असेल त्यातून खर्च करावा, असा आदेश आहे. अबू सुफ्यान (रजि.) यांच्या पत्नी हिंद (रजि.) यांनी पती पुरेसा खर्च देत नसल्याची तक्रार केली, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना पतीच्या मालातून स्वतःला आणि मुलांना रीतीप्रमाणे पुरेल इतके घेण्याची परवानगी दिली. न्यायालयाने रकमेचा आकडा ठरवला, मात्र कर्तव्य त्याच्या कितीतरी आधीचे आहे.

पत्नीच्या थकलेल्या निर्वाहखर्चाबाबत आपल्या फिकही परंपरेतही मतभेद आहेत. कोकणातील मुस्लिम बहुसंख्येने शाफिई आहेत, तर देशावर व मराठवाड्यात हनफी अधिक. शाफिई मतानुसार पत्नीचा न दिलेला खर्च पतीवर कर्ज म्हणून उरतो, कोणी रक्कम ठरवलेली असो वा नसो. हनफी मतानुसार काझीने रक्कम ठरवली असेल किंवा पतिपत्नींनी आपसात ठरवली असेल, तर तो कर्ज बनतो. आता न्यायालयात दाखल होणारी संमतीपत्रे पाहा. त्यांवर दोघांच्याही सह्या असतात. रक्कम दोघांनी मिळून ठरवलेली असते. मग कोणत्या मस्लकचा आधार घेऊन ती बुडवायची?

घटस्फोटानंतर इद्दतच्या पलीकडील पोटगीविषयी आपल्या समाजात दीर्घकाळ चर्चा चालली आहे. १९८५ चा शाहबानो निकाल, १९८६ चा कायदा, २००१ चा डॅनियल लतीफी निकाल आणि १० जुलै २०२४ रोजी घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही कलम १२५ खाली दाद मागता येते असे सांगणारा निकाल, हे तिचे टप्पे आहेत. या विषयावर उलमांचे म्हणणे आदराने ऐकावे आणि न्यायालयात मांडावे. पण ज्याला आदेश मान्य नाही त्याने अपील करावे, स्थगिती मागावी. हा सरळ मार्ग आहे. आदेशाविरुद्ध ब्रही काढायचा नाही, तारखेला हजर राहायचे नाही, पत्ता बदलून टाकायचा आणि त्या चुकवेगिरीला शरीअतचे नाव द्यायचे, हे शरीअतवर केलेले आरोपण आहे. शिवाय अल्लाहची अवज्ञा होत असेल तेथे मनुष्याचे आज्ञापालन नाही, हा नियम येथे लागू होत नाही. एकेकाळी आपल्या घरची असलेल्या स्त्रीला चार पैसे देण्यात अल्लाहची कोणती अवज्ञा होते? सूरह बकराच्या २४१ व्या आयतीत तर घटस्फोटित स्त्रियांना रीतीप्रमाणे काही देणे हे ईशपरायणांचे कर्तव्य म्हटले आहे.

आणि हमीचे काय? सूरह माइदाची सुरुवातच करार पूर्ण करण्याच्या आज्ञेने होते. सूरह बनी इस्राईलच्या ३४ व्या आयतीत वचनाविषयी जाब विचारला जाईल, असा इशारा आहे. वचन कोणत्या इमारतीत दिले, समोर बसलेली व्यक्ती कोणत्या धर्माची होती, हे तेथे विचारलेले नाही.

ऐपत आणि टाळाटाळ

इस्लामी न्यायव्यवस्थेला आदेशाच्या अंमलबजावणीचे महत्त्व पहिल्यापासून ठाऊक होते. हजरत उमर (रजि.) यांनी अबू मूसा अशअरी (रजि.) यांना न्यायदानाविषयी लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. ज्या सत्याची अंमलबजावणी होत नाही ते नुसते बोलून दाखवण्याचा काही उपयोग नाही, असा त्यातील एका वाक्याचा आशय आहे. त्याच हजरत उमर (रजि.) यांनी सैन्याच्या सरदारांना आदेश पाठवला होता की, जे पुरुष पत्नीपासून दूर राहिले आहेत त्यांनी खर्च पाठवावा किंवा घटस्फोट द्यावा, आणि घटस्फोट देणाऱ्यांनी मागील काळाचाही खर्च पाठवावा. रणांगणावरील सैनिकालाही थकबाकीतून सूट मिळाली नाही.

बुखारी व मुस्लिम यांतील हदीसनुसार ऐपत असूनही देणे लांबवणे हा जुलूम आहे. अबू दाऊद व नसाई यांतील हदीस आणखी पुढे जाते. ऐपत असताना चालढकल करणाऱ्याची अब्रू आणि त्याला होणारी शिक्षा हलाल ठरते, असे तिचे तात्पर्य आहे. अशा माणसाची उघड तक्रार करता येते आणि त्याला कैद करता येते, असा अर्थ विद्वानांनी लावला. याच्या जोडीला सूरह बकराची २८० वी आयत ठेवा. ऋणको तंगीत असेल तर त्याला सवड द्यावी, आणि माफ करणे तर अधिकच चांगले, अशी तिची शिकवण आहे.

म्हणजे टाळाटाळ करणाऱ्याला कठोरपणा आणि असमर्थाला सवलत, हा भेद आपल्याला नवा नाही. १९७१ च्या कायद्यातील 'जाणूनबुजून' या शब्दात तोच आहे. ज्याची नोकरी गेली, ज्याचे दुकान बंद पडले, जो आजाराने अंथरुणाला खिळला, त्याने लपून बसू नये. न्यायालयात अर्ज करून परिस्थिती सांगावी आणि रक्कम कमी करून मागावी. कायद्यात तशी सोय आहे. आणि समोरच्या पक्षाने त्याची अडचण खरी असेल तर ती मान्य करावी. खऱ्या असमर्थाला तुरुंगाची भीती दाखवून पिळणे हाही जुलूमच आहे, तो बायकोकडून होवो वा सासरकडून.

शब्दचातुर्याने मिळवलेला निकाल

आदेश मोडण्याचा आणखी एक मार्ग आहे. त्यात अवमानाची कारवाई होतच नाही, कारण आदेश निघण्यापूर्वीच तो पोकळ केलेला असतो. दुकान भावाच्या नावावर करायचे, फ्लॅट आईच्या नावावर, पगाराची पावती निम्मी दाखवायची. पत्नीनेही शिकवणीची किंवा शिवणकामाची चांगली कमाई लपवून आपण निराधार असल्याचे सांगायचे. रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून पोटगीच्या दाव्यात दोन्ही बाजूंना आपली मिळकत, मालमत्ता आणि देणी सांगणारे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. त्या कागदावर सही करताना आपण साक्ष देत आहोत, हे किती जणांच्या मनात असते? खोटी साक्ष ही प्रेषित (स.) यांनी महापापांमध्ये गणली आहे.

उम्मे सलमा (रजि.) यांच्याकडून आलेली एक हदीस प्रत्येक पक्षकाराने ध्यानात ठेवावी. आपणही मनुष्यच आहोत, वाद घेऊन येणाऱ्यांपैकी एखादा युक्तिवादात अधिक चतुर असू शकतो आणि आपण त्याचे ऐकून त्याच्या बाजूने निकाल देऊ, पण त्याला त्याच्या भावाचा हक्क मिळाला असेल तर तो आगीचा तुकडाच आहे, असे प्रेषित (स.) यांनी बजावले. स्वतः अल्लाहच्या प्रेषितांच्या निकालानेही जे हराम ते हलाल होत नसेल, तर वकिलाच्या हुशारीने मिळालेल्या निकालाने कसे होईल? न्यायालयाला दिसले नाही म्हणजे ते घडलेच नाही, असे मानणारा माणूस न्यायालयाचा नव्हे, अल्लाहच्या पाहण्याचा इन्कार करत असतो.

आदेश आणि सल्ला

याचा अर्थ निकालाविरुद्ध बोलणेच पाप आहे, असा नाही. बरीरा (रजि.) या मुक्त झालेल्या दासी होत्या. मुक्त होताच पती मुगीस यांच्यापासून विभक्त होण्याचा हक्क त्यांनी वापरला. मुगीस त्यांच्यामागे मदीनेच्या गल्ल्यांतून रडत फिरत असत. प्रेषित (स.) यांनी बरीरा यांना परत जाण्याविषयी सुचवले. त्यांनी विचारले, हा आपला आदेश आहे काय? प्रेषितांनी सांगितले, नाही, मी केवळ शिफारस करतो. त्यावर बरीरा यांनी नकार दिला, आणि त्यांना कोणी दोष दिला नाही.

या प्रसंगात फार मोठा विवेक आहे. बरीरा यांचा प्रश्न दाखवतो की, आदेश असता तर त्यांनी तो पाळला असता. तो आदेश नव्हता म्हणून त्या आपल्या हक्कावर ठाम राहू शकल्या. समुपदेशक, जमातीचे ज्येष्ठ किंवा न्यायाधीशही जेव्हा तडजोड सुचवतात, तेव्हा नाही म्हणण्याचा स्त्रीला अधिकार आहे, पुरुषालाही आहे. तडजोड नाकारणाऱ्या मुलीला 'मोठ्यांचा मान ठेवला नाही' असे म्हणून आपण गप्प करतो आणि पोटगीचा आदेश धाब्यावर बसवणाऱ्या मुलाच्या बाबतीत मात्र 'त्याचाही काही विचार असेल' असे म्हणतो. बरीरा (रजि.) यांचा प्रसंग आपल्याला नेमके उलट शिकवतो. सल्ला नाकारता येतो. आदेश पाळायचा असतो, आणि तो चुकीचा वाटला तर योग्य मार्गाने बदलून घ्यायचा असतो.

मूल ही अमानत आहे

पैशाची थकबाकी निदान मोजता तरी येते. मुलाच्या भेटीची थकबाकी कशी मोजणार? मुलांच्या ताब्याचे दावे १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली चालतात आणि त्यात मुलाचे हित सर्वांत महत्त्वाचे मानले जाते. फिकहमध्येही लहान वयात संगोपनाचा पहिला हक्क आईचा आहे. हनफींमध्ये मुलगा साधारण सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत, तर शाफिईंमध्ये मुलाला समज येईपर्यंत. त्यानंतर शाफिई मतानुसार मुलाने आई-वडिलांपैकी एकाची निवड करावी. परंतु मूल एकाकडे राहिले म्हणून दुसऱ्याचे नाते तुटत नाही, हे सर्वांनाच मान्य आहे. सूरह बकराची २३३ वी आयत येथे पुन्हा आठवावी. मुलामुळे आईलाही त्रास दिला जाऊ नये आणि बापालाही दिला जाऊ नये, असे तिथे स्पष्ट बजावले आहे.

या बाबतीत आपल्या स्त्रियांनीही स्वतःला विचारावे. पोटगी आली नाही म्हणून भेट बंद, आणि भेट दिली नाही म्हणून पोटगी बंद, अशी साखळी अनेक घरांत चालते. दोघांनाही वाटते की आपण दुसऱ्याला धडा शिकवत आहोत. प्रत्यक्षात दोघेही एकाच निरपराध जीवाचे दोन वेगवेगळे हक्क रोखून धरत असतात. बापाने पैसे दिले नाहीत तरी मुलाचा बापाला भेटण्याचा हक्क संपत नाही. आईने भेटू दिले नाही तरी मुलाची भूक संपत नाही. एकाने आदेश मोडला म्हणून दुसऱ्याला तो मोडण्याची मुभा मिळत नाही. सूरह माइदाच्या ८ व्या आयतीत हेच सांगितले आहे की, कोणाच्या वैरामुळे तुम्ही न्यायापासून ढळू नये.

न्यायालय ज्याच्या ताब्यात मूल देते त्याच्याकडे ते अमानत म्हणून असते. ज्याच्यावर खर्च टाकते त्याच्याकडे ती रक्कमही अमानतच असते. आदेश मोडला जातो तेव्हा न्यायाधीशांच्या खुर्चीला फारसे काही होत नाही. ती दुसऱ्या दिवशी पुढचे प्रकरण ऐकते. खरी हानी होते ती त्या अमानतीची.

माफीपूर्वी परतफेड

तो तरुण उमराहला गेला. परतल्यावर त्याने सर्वांच्या घरी खजूर आणि जमजम पाठवले, मुलीच्या आजोळीही पाठवले. आजोबांनी ते नातीला दिले आणि तिच्या अब्बांनी आणले आहे, असे सांगितले. थकबाकी तेव्हा बारा महिन्यांची झाली होती.

त्याची इबादत कबूल झाली की नाही, हे अल्लाहच जाणतो. ते ठरवणारे आपण कोण? परंतु फिकहचा नियम आपल्यापुढे स्पष्ट आहे. हज फर्ज होण्यासाठीही प्रवासखर्चाबरोबर परत येईपर्यंत अवलंबितांच्या निर्वाहाची तरतूद असावी लागते. उमराह हनफी मतानुसार सुन्नत आणि शाफिई मतानुसार ऐपत असल्यास आयुष्यात एकदा आवश्यक आहे, पण ऐपत म्हणजे मुलीच्या वाट्याचे पैसे नव्हेत. आणि मुस्लिममधील हदीसनुसार अल्लाहच्या मार्गात शहीद झालेल्याचेही सर्व काही माफ होते, केवळ कर्ज सोडून.

यात जमातीचीही जबाबदारी आहे. निकाह जमातीसमोर होतो, मग त्याचे तुटणे केवळ वकिलांवर सोडून कसे चालेल? दोन्ही घरांतून एकेक पंच नेमण्याची सूरह निसाच्या ३५ व्या आयतीची शिकवण संसार टिकवण्यासाठी आहे. संसार टिकला नाही तर निदान ठरलेले देणे वेळेवर जाते काय, मूल दोघांना भेटते काय, एवढे विचारणारी दोन माणसे प्रत्येक मोहल्ल्यात असावीत. निरोपाच्या वेळी माफी मागणाऱ्याला कोणीतरी एकांतात, त्याची अब्रू राखून विचारावे: कोणाचे देणे राहिले आहे काय? राहिले असेल तर आधी ते फेडा. सगळे एकदम जमत नसेल तर हप्ते ठरवा, लिहून द्या आणि पाळा.

घटस्फोटाच्या प्रकरणातच, सूरह बकराच्या २३७ व्या आयतीत, अल्लाहने आपसातील उदारपणा विसरू नका असे सांगितले आहे. नाते तुटल्यानंतरही ज्याचा हात देताना आखडत नाही त्याला कोणत्याही न्यायालयाच्या नोटिशीची भीती उरत नाही. पण जो न्यायालयातून सुटला आणि हक्कदाराचे देणे ठेवून गेला, त्याची पुढची तारीख अशा दरबारात पडते जिथे कोणाचा पत्ता बदललेला नसतो.

अल्लाह आम्हा सर्वांना दिलेला शब्द पाळण्याची, आपल्या अवलंबितांचे हक्क वेळेवर देण्याची आणि रागाच्या भरातही न्यायावर टिकून राहण्याची तौफीक देवो. आमीन.